घासखोली

कपाला कान लावायचं काम मी एकतीस वर्षं केलं. कान म्हणजे कप धरायची कडी. साच्यातून निघालेला ओला कान डाव्या हातात घ्यायचा, त्याची दोन्ही टोकं पातळ कालवलेल्या मातीत बुडवायची आणि कपाच्या अंगाला एका दमात चिकटवायची. दोनदा हात लावला तर तो कान भट्टीत गळून पडतो. दिवसाला सहाशे कान व्हायचे. हात गारठून जायचे, पण आमच्या कामात धूळ नव्हती, कारण माती ओली होती. धूळ होती ती घासखोलीत.

घासखोलीत वाळलेले, अजून न भाजलेले कप यायचे. साच्याच्या जोडाची रेघ कपावर उमटलेली असते. ती काचकागदानं घासून काढायची आणि काठ गुळगुळीत करायचा. घासताना जी पूड उडते ती पिठापेक्षा बारीक असते. खिडकीतून ऊन आत आलं तरच दिसते. माझा नवरा तिथे चौदा वर्षं होता. त्याचे केस आठवडाभर पांढरे असायचे, सुट्टीच्या दिवशी धुतले की काळे. आमची धाकटी मुलगी लहानपणी म्हणायची, बाबा सुट्टीच्या दिवशी तरुण होतात.

त्या काळी कारखान्याच्या समोरच सरकारचं तपासणी ऑफिस होतं. वर्षातून दोनदा तिथला तपासणीस एक लांब नळी आणि काचेचं उभट भांडं घेऊन यायचा. घासखोलीतल्या माणसांनी एकेक करून नळीत फुंकायचं. भांड्यातलं पाणी किती वर चढतं ते तो बघायचा आणि बिल्ल्यावरचा नंबर लिहून घ्यायचा. सगळे त्याला फुंकणीवाला म्हणायचे. पाणी रेघेच्या खाली राहिलं की त्या नंबरावर शेरा बसायचा, आणि शेरा बसला की त्या माणसाला घासखोली कायमची बंद. मालकाला त्याला दुसरं काम द्यावंच लागायचं, पण पगार त्या दुसऱ्या कामाचा मिळायचा. घासखोलीचा पगार इतरांच्या दीडपट होता. त्यामुळे शेरा घेऊन घरी येणाऱ्या माणसाचं तोंड बघवायचं नाही.

म्हणून श्वास उसना घ्यायची पद्धत पडली होती. फुंकणीवाला तोंडाकडे बघायचा नाही, बिल्ल्याकडे बघायचा. ज्याची छाती चांगली तो दुसऱ्याचा बिल्ला लावून रांगेत पुन्हा उभा राहायचा. एक आडदांड भट्टीवाला होता. त्यानं एका सकाळी पाच जणांच्या नावानं फुंकलं आणि शेवटी चक्कर येऊन खाली बसला. फुंकणीवाल्यानं त्याला पाणी पाजलं आणि मुकादमाला म्हणाला, या पाचव्याला आज घरी सोडा, पहिल्या चौघांपेक्षा अशक्त दिसतोय. त्याला सगळं माहीत होतं.

माझ्या नवऱ्यानं कुणाचा श्वास घेतला नाही. अंगात ताठा होता. चौदाव्या वर्षी त्याच्यावर शेरा बसला आणि त्याला आवारात पाठवलं, कपांच्या पेट्यांत पेंढा भरायला. त्यानंतर तो अकरा वर्षं जगला आणि अकरा वर्षं त्यानं सरकारला शिव्या दिल्या. छाती माझी, तिच्यात डोकावणारे हे कोण, असं म्हणायचा. त्याच्या ओळीत घासायला बसणारे चार जण उसन्या श्वासावर टिकले होते. ते चौघंही त्याच्या आधी गेले. हे मला तेव्हाही माहीत होतं, पण त्यांच्या जाण्याचा आणि याच्या शेऱ्याचा संबंध मी कधी जोडला नाही. शिव्या रोज ऐकू यायच्या. मेलेली माणसं रोज दिसत नव्हती.

बायकांना घासखोलीत जायला सरकारची बंदीच होती. बायकांची छाती नाजूक, असं कायद्यात लिहिलेलं होतं म्हणे. धाकटी अठराव्या वर्षी कारखान्यात लागली ती माझ्याच बाकावर, कान लावायला. तिला ते काम आवडायचं नाही. तिच्याबरोबर शाळेत असलेली मुलं घासखोलीत जाऊन दीडपट कमवायची आणि ही त्यांच्यापेक्षा हुशार. मला अक्षरं तिनंच शिकवली, माझी पन्नाशी उलटल्यावर. टाकून दिलेले न भाजलेले कप ती घरी आणायची, उलटे ठेवून त्यांच्या बुडावर पेन्सिलीनं अक्षर काढायची, आणि मी ते गिरवायचं. चुकलं की ओल्या बोटानं पुसून टाकायची आणि म्हणायची, चल, नवा कप, नवी अक्कल.

नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी वरचं सरकार बदललं. नवीन सरकारचं म्हणणं असं होतं की सरकारनं चोर धरावेत, सीमा राखावी आणि बाकी माणसांच्या मधे पडू नये. ज्या कारखान्यातले निम्म्याहून जास्त लोक सह्या करतील तिथली तपासणी उठणार होती. मॅनेजरनं आम्हाला पेट्या भरायच्या दालनात जमवलं. तो चांगला बोलायचा. तो म्हणाला, तुमच्या छातीचे मालक तुम्ही. कुणी कुठे काम करायचं ते नळीतलं पाणी का ठरवणार? आणि बायकांना बंदी का? त्या काय लहान मुली आहेत? बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तो खोटं बोलत होता असं मला आजही म्हणता येत नाही.

तरी कागद समोर आला तेव्हा माझा हात अडला. आमच्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, अगं, तुझा नवरा असता तर त्यानं दोन्ही हातांनी सही केली असती. ते खरंच होतं. पण मी धाकटीकडे बघितलं. ती माझ्या कानाशी येऊन हळू बोलली.

"आई, मी तिथे जाईनच असं नाही. पण जायचं की नाही ते मी ठरवीन."

मी सही केली. माझ्या आयुष्यातली ती पहिली सही. त्याआधी सगळीकडे अंगठाच होता.

पहिली दोन वर्षं चांगली गेली, हे सांगितलंच पाहिजे. तपासणी ऑफिसला कुलूप लागलं. चष्मेवालीनं काम सोडून स्वतःचं शिवणाचं दुकान काढलं. आधीच्या काळात त्यासाठी सात ऑफिसांचे सात कागद लागले असते, तिला एकही लागला नाही. धाकटी पहिल्याच महिन्यात घासखोलीत गेली. तिच्याबरोबर वीस बायका गेल्या. पहिल्या दिवशी ती घरी आली, आरशासमोर उभी राहिली आणि हसत म्हणाली, बघ, मी बाबा झाले. तिनं स्वतःला नवे बूट घेतले, मला लोकरीचे मोजे घेतले. कारखान्याच्या चाळीतली आमची खोली सोडून पलीकडच्या वस्तीत स्वतःची खोली घ्यायची, खिडकी पूर्वेला असलेली, असं ती बोलायची. कुणाला विचारायचं नाही, कुणाची सही नाही. तिच्या बापाला जे मिळालं नव्हतं ते तिला मिळालं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

तिसऱ्या वर्षी खोकला सुरू झाला.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. धाकटी लहानपणापासून तो जिना पळत चढायची. आता दुसऱ्या मजल्यावर ती थांबायची. कधी बुटाचा बंद सुटायचा, कधी पिशवीत किल्ली शोधायची. बूट नवे होते, त्यांचे बंद इतके सुटत नसतात. मी वर दारात उभी राहून तिचं थांबणं ऐकायची. एकदा मी मनात आकडे मोजले. चाळीसपर्यंत पोचले तेव्हा पाऊल पुन्हा वाजलं.

फुंकणी नाहीशी झाली नव्हती. सरकारी सामानाचा लिलाव झाला तेव्हा कारखान्यानंच ती विकत घेतली होती. ज्याला वाटेल त्यानं मॅनेजरच्या ऑफिसशेजारी जाऊन फुंकून यावं, सक्ती नाही, फुकट आहे, अशी पाटी होती. फक्त आकडा मॅनेजरकडे जायचा. पहिल्या वर्षी तीन जण फुंकून आले. महिन्याभरात तिघंही कामावर नव्हते. कुणाला काढायचं ते मालक ठरवणार, तोही आता मोकळाच होता. त्यानंतर त्या पाटीकडे कुणी बघेना. सरकारी दवाखाना तर ऑफिसाबरोबरच बंद झाला होता.

मी फुंकणीवाल्याला शोधून काढलं. बाजाराच्या मागच्या गल्लीत, दोन भिंतींच्या फटीत बसावं तसा तो घड्याळं दुरुस्त करत बसला होता. त्यानं मला ओळखलं नाही. मी नवऱ्याच्या बिल्ल्याचा नंबर सांगितला तसं लगेच म्हणाला, हां, ताठ मानेचा माणूस, पेंढ्याच्या आवारात पाठवलेला. मी त्याला धाकटीचं सांगितलं आणि विचारलं, तुझ्याकडे काही साधन उरलंय का, जुनी नळी, काहीही. तो म्हणाला, बाई, माझ्याकडे फक्त कान उरलेत, आणि ते घड्याळांसाठी. मग स्क्रू काढायचं हत्यार खाली ठेवून त्यानं मला जे सांगितलं ते मी मागितलं नव्हतं.

"मालकाकडून मी पैसे घ्यायचो. तुम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. निम्मे आकडे मी खोटे लिहिले. पण निम्मे खरे होते."

खरे कुठले, असं मी विचारलं. तो म्हणाला, ते आता माझं मलाही सांगता येणार नाही. मग त्यानं विचारलं, जिना चढताना ती बोलते का? मी म्हटलं, नाही. पूर्वी बोलायची? मी म्हटलं, पूर्वी तोंड बंद नसायचं. त्यानं पुन्हा हत्यार उचललं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, मग तिला तिथून काढ. आज काढ.

त्या संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. आधी गोडीनं सांगितलं, मग बापाची आठवण दिली, मग रडले. ती शांतपणे जेवत होती. खोकला आला की पाणी प्यायची. मी म्हटलं, उद्यापासून परत माझ्या बाकावर ये, मुकादमाशी मी बोलते. ती म्हणाली, कान लावून त्या पगारात आपण दोघी या खोलीतच मरू, हे तुला चालेल. मी म्हटलं, निदान मरायला वेळ तरी लागेल. त्यावर तिला हसू आलं आणि हसण्यातून खोकला आला. तो थांबेपर्यंत मी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. हाताखाली काय वाजत होतं ते मला ऐकू येत होतं.

"मला कळत नाही असं तुला वाटतं का?" ती म्हणाली. "मला माझा दम कळतो. अजून दोन वर्षं काढीन, खोली घेईन आणि सोडीन. हे माझं ठरलंय. आई, बाकी काहीही हो, पण माझं सरकार होऊ नकोस."

दोन वर्षं हा हिशेब तिनं कुठून काढला होता कोण जाणे. तिच्या बापाच्या ओळीतल्या चौघांनीही असेच आकडे ठरवलेले असणार.

पुढचे दोन दिवस मी कान लावत होते आणि मी लावलेले कान भट्टीत गळून पडत होते. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मुकादमाकडे गेले. मुकादम माझ्यापेक्षा लहान, माझ्या नवऱ्याच्या हाताखाली शिकलेला, मला मावशी म्हणायचा. मी त्याला सांगितलं की माझ्या मुलीची छाती गेली आहे, तिच्या थुंकीतून रक्त येतं. रक्त येत नव्हतं. ते मी वाढवून सांगितलं, त्याला नीट पटावं म्हणून.

त्यानं जेवणाचा डबा बंद केला.

"मावशी, हे मी ऐकलं नाही असं म्हणू का?"

मी म्हटलं, ऐक आणि वर सांग. माझ्या डोक्यात सगळं स्वच्छ होतं. छाती गेली म्हणजे शेरा बसणार, शेरा बसला म्हणजे घासखोली बंद, आणि मग मालकाला दुसरं काम द्यावंच लागणार. ती चिडेल, महिनाभर बोलणार नाही, पण माझ्या शेजारी ओल्या मातीत हात घालून बसेल. मी एकतीस वर्षं त्या कारखान्यात होते आणि हे असंच होताना बघितलं होतं. दुसरं काम द्यायचा नियम मालकाचा नव्हता, सरकारचा होता, आणि ज्या कागदावर मी सही केली त्याच कागदानं तो गेला होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. उंबरा काढून टाकला तरी सवयीनं पाय उचलावा, तसं माझं मन अजून तो नियम धरूनच चालत होतं. मुकादमाला वाटलं मला सगळं माहीत आहे. मला वाटलं तो उगाच घाबरतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर धाकटीचा बिल्ला काढून घेतला. कारण सांगितलं नाही. कारण सांगायची आता गरज नव्हती. मी बाकावरून उठून मॅनेजरकडे गेले आणि तिला कान लावायला बसवा म्हणून सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता, त्यानं मला खुर्ची दिली. तो म्हणाला, बाई, उद्या तिला काही झालं तर लोक म्हणतील कारखान्यामुळे झालं. मी कशाला जोखीम घेऊ? मी म्हटलं, पण दुसरं काम द्यायचं असतं ना. त्यानं विचारलं, कुणी सांगितलं? मी रस्त्यापलीकडे बघितलं. कुणाचं नाव घेणार? समोरच्या ऑफिसच्या कुलपाला गंज चढला होता. पूर्वी तिथे खिडकी होती. खिडकीमागचा माणूस उर्मट होता, पैसे खायचा, दुपारी झोपायचा, पण त्याच्याशी भांडता यायचं. आता मी भांडायला कुठे जाऊ, असं मॅनेजरलाच विचारलं. तो म्हणाला, कोर्ट आहे की. कोर्ट मोठ्या शहरात, आणि वकिलाचं नाव काढलं तरी आमची चूल विझली असती.

आसपासच्या सहा कारखान्यांचे मॅनेजर एकमेकांना ओळखत होते. आठवडाभर धाकटी फाटकाफाटकातून फिरली. कुणी वाईट बोललं नाही. सगळीकडे जागा भरलेली होती.

मी मुकादमाकडे गेले होते हे तिला कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. मुकादमच असणार. ती वर आली तेव्हा दुसऱ्या मजल्यावर थांबली नाही. तशीच चढून आली आणि दारात भिंतीला टेकून श्वास घेत राहिली. मी पाणी पुढे केलं. तिनं घेतलं नाही. बोलण्याइतका दम आल्यावर तिनं एवढंच विचारलं.

"फुंकणीवाल्यानं निदान नळी तरी लावली असती. तू काय लावलंस?"

मी म्हटलं, मी आई आहे. ती म्हणाली, हो, आणि आईविरुद्ध कुठे अर्ज करायचा ते सांग. मग तिनं पिशवी भरली. बूट, दोन कपडे, आरसा. मी दारात आडवी उभी राहिले. तिनं मला ढकललं नाही. मी बाजूला होईपर्यंत ती पिशवी हातात धरून उभी राहिली. शेवटी मीच बाजूला झाले.

ती कुठे गेली ते मला चष्मेवालीकडून कळलं. नदीच्या पलीकडे गारगोट्या दळायच्या शेड आहेत. पांढऱ्या गारगोट्या भाजून, कुटून, दळून त्यांची पूड करतात आणि ती पूड आमच्यासारख्या कारखान्यांना मातीत मिसळायला विकतात. तिथे बिल्ला नाही, नाव विचारत नाहीत, दिवसाचे पैसे दिवसाला. पूर्वी त्या शेड बंद पाडलेल्या होत्या. आता पुन्हा सुरू होत्या. घासखोलीतली धूळ ही त्याच पुडीची, मातीत मिसळून मऊ झालेली. शेडमध्ये ती निव्वळ असते.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाहेर रस्त्यावर उभी राहिले. शेडला तीन बाजूंनी भिंती, चौथी बाजू उघडी. आत आठ-दहा बायका जमिनीवर बसून पूड चाळत होत्या, तोंडाला फडकी बांधलेली. सगळ्या सारख्याच पांढऱ्या. मला माझी ओळखता येईना. मग एक खोकली आणि मी ओळखलं.

मी आठ दिवस रोज जाऊन उभी राहिले. ती बघायची आणि मान खाली घालायची. शेडचा मालक एकदा बाहेर आला आणि मला म्हणाला, उभं राहायचं तर रहा, रस्ता कुणाच्या बापाचा नाही. त्यानं मला काही वाईट वागवलं नाही. एकदा बसायला रिकामं पोतंही दिलं.

नवव्या दिवशी मी कान लावायच्या बाकावर गेलेच नाही. सरळ शेडमध्ये गेले आणि मालकाला म्हटलं, मला काम दे. त्यानं माझे हात बघितले, वय विचारलं नाही. काही वर्षांपूर्वी कुठल्याही सरकारनं माझ्यासारख्या बाईला त्या शेडमध्ये पाऊल ठेवू दिलं नसतं. त्यानं कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

माझा बेत सरळ होता. मला तिथे बसलेली बघून ती उठेल आणि आम्ही दोघी बाहेर पडू, कुठेही जाऊ. तिनं मला बघितलं. फडक्याच्या वर तिचे डोळे तेवढे दिसत होते. ती म्हणाली, बाहेर जा. मी म्हटलं, तू ये, मग जाते. ती म्हणाली, इथे बसून तू मरशील. मी म्हटलं, ते मी ठरवीन. मी ते तिला दुखवायला बोलले नव्हते. माझ्याकडे दुसरं काही बोलायला उरलंच नव्हतं.

ती उठली नाही. बाकीच्या बायका चाळत होत्या, कुणी मान वर केली नाही. मग तिनं आपलं पोतं थोडं सरकवलं आणि मला भिंतीकडची जागा करून दिली. तिथे दोन चाळण्या होत्या. एक मोठ्या भोकांची, खडे काढायची. तिच्यातून धूळ कमी उडते. दुसरी बारीक, कापडासारखी. तिनं मोठ्या भोकांची माझ्यासमोर ठेवली, गळ्यातलं जास्तीचं फडकं सोडून माझ्या तोंडाला बांधलं, मागे गाठ घट्ट आहे ना ते ओढून बघितलं, आणि बारीक चाळणी स्वतःच्या मांडीवर घेतली.